थोरल्याचा बंधारा

विहिरीचं पाणी खारट झालंय हे पहिल्यांदा सुनेच्या जिभेला कळलं. सकाळी तिने चहा केला, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. साखरेऐवजी मीठ पडलं असेल म्हणून तिने डबे चाखून बघितले, चहा ओतून दिला, दुसरा ठेवला. तोही तसाच. मग तिने बादलीतलं पाणी ओंजळीत घेऊन चाखलं आणि नवऱ्याला हाक मारली.

"तुझ्या जिभेलाच काहीतरी झालंय," धाकटा अंथरुणातूनच म्हणाला.

"माझी जीभ कशी आहे ते तुम्हाला लग्नापासून माहीत आहे. उठा, पिऊन बघा."

त्याने पिऊन बघितलं आणि तांब्या खाली ठेवला. विहीर घराच्या मागे, घर बंधाऱ्याच्या आत, आणि बंधाऱ्याच्या पलीकडे समुद्र. खारट पाणी काही आभाळातून पडत नाही.

आई ओसरीवर बसून केस विंचरत होती. ती उठली, बादलीत बोट बुडवून चाटलं, आणि फणी तशीच केसांत ठेवून बंधाऱ्याकडे चालू लागली. चहा घेऊन जा म्हणून सून मागून ओरडली, पण तिने वळून बघितलं नाही.

गावाची सगळी जमीन बशीसारखी होती, भरतीच्या पाण्यापेक्षा खाली. बशीच्या कडेला मातीचा बंधारा. बंधारा आहे तोवर भात, घरं, गुरं, विहिरी. बंधारा नाही तर खेकडे. बंधाऱ्याच्या पोटातून एक जाड नळ गेलेला होता आणि त्याच्या समुद्राकडच्या तोंडाला लोखंडी झडप होती. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी झडप ढकलून बाहेर जायचं. भरती आली की समुद्रच तिला दाबून बंद करायचा. ज्याने हे पहिल्यांदा काढलं त्याचं डोकं मोठं असलं पाहिजे, त्याने चोरालाच दाराला कडी लावायला बसवलं होतं. झडपेत अडकलेलं शेवाळ, काटक्या, मेलेले मासे काढायचे आणि बिजागरीला वंगण घालायचं, हे धाकट्याचं काम. त्याआधी ते थोरल्याचं होतं.

थोरला गेला ते बंधारा फुटला त्या साली. उधाणाने मधोमध खिंडार पाडलं होतं. खिंडार बुजवायचं तर ओहोटीत बुजवायचं. सगळं गाव बंधाऱ्यावर ओळीने उभं राहतं, चिकणमातीची ढेकळं हातोहात पुढे जातात, आणि ओळीच्या टोकाला खिंडारात उभा असलेला माणूस ती पायांनी दाबत जातो. ओळीचा नियम एकच, ओळ थांबत नाही. ढेकूळ हातातून पडलं तर पडू दे, हात थांबता कामा नये, कारण पाणी थांबत नाही. बाप तेव्हा बंधाऱ्याचा मुकादम होता आणि टोकाला थोरला होता. फट हातभर राहिली असताना त्याचा पाय सरकला. डोकं दिसलं, मग दिसलं नाही. ओळीत कोणीतरी किंचाळलं. मुकादम म्हणाला, "ओळ चालू ठेवा."

ओळ चालू राहिली. खिंडार बुजलं, गाव वाचलं. ओळ संपली तेव्हा बाहेर भरती चढलेली होती, शोधायला जागाच नव्हती. दुसऱ्या दिवशी चिखलात काही सापडलं नाही. मग सगळे धरूनच चालले की थोरला आत आहे, ढेकळांखाली. तसं कोणी कधी बोललं नाही, पण त्या तुकड्यावरून जाताना माणसं चपला हातात घ्यायची. गावात एकाला सगळे रेडिओ म्हणायचे, त्याचं तोंड झोपेतही बंद नसायचं; तोसुद्धा तिथे आला की गप्प व्हायचा. मोठ्या भरतीला त्या तुकड्यातून आवाज यायचा, ओल्या गोणपाटाखाली कोणीतरी श्वास घ्यावा तसा. खेकड्यांची बिळं आहेत, असं धाकटा सांगायचा. आई म्हणायची, "कूस बदलतोय."

मुकादमाने मुकादमी सोडली, पण मुकादम हे नाव काही त्याला सोडेना. तो आता रोज पहाटे एक टोपली आणि फावडं घेऊन निघायचा आणि त्या तुकड्यावर माती घालायचा. टोपली ओतायची, फावड्याच्या पाठीने थोपटायची, घरी यायचं. पोराच्या अंगावरची माती खचू नये एवढंच त्याच्या मनात होतं. म्हाताऱ्याला काही उद्योग हवाच, म्हणून कोणी अडवलं नाही. त्याचे गुडघे सुजायचे, आई त्यांना तेल लावायची, आणि माती कुठून आणता एवढं मात्र त्याला कोणीच विचारलं नाही.

ते विचारायला इंजिनीअर बाई यावी लागली.

खारट विहिरींची तक्रार गेल्यावर ती आली. मध्यम वयाची, उन्हाने रापलेली, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट. बरोबर एक लांब लोखंडी गिरमीट होतं. बंधाऱ्यात ते फिरवत खाली घालायचं आणि बाहेर काढून टोकाला आलेली माती बघायची. नळाजवळ ते घालायला धाकटा आणि ती दोघं लोंबकळले तेव्हा कुठे वीतभर गेलं. "हे चांगलं आहे," ती म्हणाली. पुढेही चांगलं होतं. मग ते थोरल्याच्या तुकड्यावर आले. धाकट्याने चपला काढल्या. बाईंनी बूट काढले नाहीत, त्यांना काय माहीत. गिरमीट टेकवलं आणि ते आपल्याच वजनाने आत गेलं. वर आलं तेव्हा टोकाला राखाडी चिखल होता आणि चिखलात एक बारका खेकडा पाय हलवत होता.

"बंधारा इथेच सगळ्यात उंच का आहे?" तिने विचारलं.

मागे माणसं जमली होती. शेवटी मुकादम पुढे झाला. "मी घातली माती."

"कुठून आणली, बाबा?"

त्याने हात केला. बंधाऱ्याच्या पायथ्याशी, शेताकडच्या बाजूला, एक लांबट खड्डा होता. त्यात पाणी साचलं होतं आणि कडेला पांढरी खारी रेघ उमटली होती. बाई बराच वेळ त्या खड्ड्याकडे बघत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं.

"बाबा, पायाखालची माती काढून तुम्ही त्याच्या डोक्यावर ठेवलीत," ती म्हणाली. "वर वजन वाढत गेलं, खालचा आधार गेला. पाणी आता तळातून येतंय. दिसायला हा तुकडा सगळ्यात भक्कम आहे आणि आहे सगळ्यात कच्चा. येत्या उधाणाला हा राहणार नाही."

मुकादमाने आपल्या तळव्यांकडे बघितलं, मग ते धोतराला पुसले.

"काय करायचं मग?" धाकट्याने विचारलं.

"उघडायचा. खाली कडक थर लागेपर्यंत. मग चांगली चिकणमाती घालून, दाबत दाबत वर यायचं. खड्डाही भरायचा. यंत्र ह्यावर चढवता येणार नाही, बंधारा बसेल. ट्रॅक्टर माती आणेल, पुढे तुमचे हात."

"इथे नाही उघडता येणार."

"का?"

धाकटा मान खाली घालून उभा राहिला. रेडिओला एवढी शांतता झेपली नाही. "बाई," तो म्हणाला, "आत माणूस आहे."

इंजिनीअर बाईच्या हातात गिरमीट तसंच होतं. तिने त्याच्या टोकाकडे बघितलं. मग वाकून अगदी हळू ते गवतावर आडवं ठेवलं, आणि बूट काढायला लागली.

त्या दिवशी जेवताना कोणी मान वर करीना. पाणी शेजारच्या वाडीवरून आणलेलं होतं, सुनेने डोक्यावरून, दोन खेपा. तिची मान आखडली होती. आईने भात चिवडला आणि म्हणाली, "उघडायचा नाही. माझं मढं पडेल त्यावर."

"आई, उधाण काय तुला विचारून येणार आहे?" धाकटा म्हणाला.

"येऊ दे. आधी नेलं तेव्हा तरी कुठे विचारलं होतं?"

सुनेने ताट बाजूला सारलं. "आई, मी भांडत नाही. पण उद्या प्यायचं काय? भात पिवळा पडायला लागलाय, बघितलात का? मुळाशी मीठ आलंय."

"तुला काय कळणार! तू त्याला बघितलंही नाहीस."

"बघितलं नाही, पण ह्या घरात आल्यापासून त्याच्याचबरोबर राहतेय मी." सुनेचा आवाज चढला आणि मग फुटला. "ही खुंटी त्याची, तिच्यावर काही टांगायचं नाही. तो कोपरा त्याचा. बंधारा त्याचा. गेलेल्याला सांभाळता सांभाळता असलेले खारट होऊन जातील, आई."

असं तोंडावर ती आजवर कधी बोलली नव्हती. धाकट्याला वाटलं आता आभाळ फाटणार. पण आईने फक्त तिचं सारलेलं ताट पुन्हा तिच्यापुढे केलं.

"उघडूया," मुकादम म्हणाला.

"तेव्हाही तुम्हालाच घाई झाली होती," आई म्हणाली.

एवढ्या वर्षांत हे वाक्य घरात कोणी उच्चारलं नव्हतं, ते आज आलं. मुकादमाने हातातला घास खाली ठेवला. त्याने बाजू मांडली नाही. गाव बुडालं असतं, हे सगळ्यांना माहीत होतं, तिलाही. ते माहीत असल्याने तिचं दुःख कधी कमी झालं नव्हतं.

मग आईच म्हणाली, "उघडा. पण त्याच्या अंगाला फावडं लागता कामा नये. मी आत उतरणार. तो दिसला की सगळ्यांनी बाहेर व्हायचं. मीच उचलणार त्याला."

भांगाचे दिवस धरले. भांगात समुद्र अर्ध्या मनाने येतो आणि अर्ध्या मनाने जातो, त्यामुळे काम करायला फुरसत मिळते. समुद्राच्या बाजूने वाळूच्या गोण्या एकावर एक रचून बाईंनी आडभिंत उभी केली. "ह्या गोण्या चढत्या पाण्याला थोडा वेळ धरतील, जास्त नाही," तिने बजावलं. "पाणी गोण्यांना लागलं की भरायला सुरुवात. मग काही सापडो, न सापडो."

"सापडेलच," आई म्हणाली. तिच्या काखेत धुतलेली चादर होती.

मुकादमाची माती पहिल्यांदा निघाली. मऊ, भुसभुशीत, टोपल्याच्या टोपल्या. त्याने स्वतःच ती भरली, दुसऱ्याला हात लावू दिला नाही. रेडिओ म्हणाला, "मुकादम, एवढी माती घातलीत? शेतात घातली असती तर भाताला तुमच्या पोटाएवढ्या लोंब्या आल्या असत्या." कोणी हसलं नाही, मग तोही कामाला लागला.

त्याखाली जुनी ढेकळं लागली. काळीनिळी चिकणमाती, घट्ट. फावडी बाजूला ठेवून माणसं हातांनी काढायला लागली. ढेकळं एकमेकांत मिसळली नव्हती. एकेक सुटं होऊन येत होतं आणि त्यांवर बोटांचे ठसे होते. ओळीतल्या हातांनी घाईघाईने उमटवलेले ठसे ती माती तसेच्या तसे सांभाळून बसली होती. कोणाची बारीक बोटं, कोणाचा रुंद अंगठा. रेडिओने एका ढेकळाच्या खळग्यांत आपली बोटं सहज ठेवून बघितली आणि चटका बसल्यासारखी काढली. त्यानंतर तो दिवसभर बोलला नाही.

आई खड्ड्यात बसली होती. प्रत्येक ढेकूळ तिच्या हाती जायचं. ती ते फोडायची, चाचपायची, मग बाजूला ठेवायची. तिची नखं काळी झाली, लुगडं कमरेपर्यंत भिजलं. प्रत्येक वेळी कोणाच्या हाताला काही कडक लागलं की सगळे थांबायचे. शिंपला निघायचा, किंवा दगड.

ढेकळं संपली. खाली पिवळसर, गुळगुळीत, कडक जमीन लागली. इंजिनीअर बाई अनवाणीच खाली उतरली. तिने गिरमीट ह्या टोकाला टेकवलं, मग मधे, मग त्या टोकाला. कुठेच आत जाईना.

"ही मूळ जमीन आहे," ती म्हणाली. "ह्याच्या खाली कधी काही गेलेलं नाही."

"म्हणजे?" आईने विचारलं.

"म्हणजे इथे कोणी नाही, आई."

"असं कसं होईल? सगळ्यांनी बघितलंय." तिने वर उभ्या असलेल्या गावाकडे बघितलं. "तुम्ही बघितलं ना? टाकली ना त्याच्यावर माती?"

धाकट्याने आईच्या खांद्यावर हात ठेवला, तो तिने झटकला.

मुकादम खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसला होता. तो समुद्राकडे बघत होता. बोलला ते कोणाशी म्हणून नाही. "ओहोटी होती. आत साचलेलं पाणी फटीतून बाहेर धावत होतं. बाहेरच."

मग सगळ्यांनाच ते दिसलं. पाय सरकला तेव्हा पाणी कुठे चाललं होतं, हे एवढ्या वर्षांत कोणी स्वतःला विचारलंच नव्हतं. पोरगा मातीत आहे, मातीत निजलाय, एवढ्यावर घर उभं होतं. मातीत असणं म्हणजे निदान घरी असणं.

"पोहायचा चांगला," मुकादम म्हणाला. "वर आला असेल तो. त्या बाजूला. चिखलात उभा राहिला असेल."

"मग हाक मारली असेल," आई म्हणाली.

ओळीचा आवाज फार असतो. ढेकळं, धापा, ओरडाआरडा. पलीकडून कोणी हाक मारली तर ऐकू येत नाही. आणि भिंत तर चढत चालली होती.

गोण्यांच्या तळाशी पाणी लागलं. बाईंनी धाकट्याकडे बघितलं. "आता भरायला हवं."

ओळ लागली. ट्रॅक्टरच्या मातीपासून खड्ड्यापर्यंत, बाया आणि पुरुष, खांद्याला खांदा. पहिली ढेकळं निघाली. धाकटा खड्ड्यात दाबायला उभा राहिला, पण आई बाहेर येईना. ती समुद्राच्या बाजूला सरकली आणि गोण्यांवर चढून उभी राहिली, गावाकडे पाठ करून.

"आई, वर ये. पाणी फिरलंय."

"राहू दे उघडं," ती म्हणाली. "थोडा वेळ. त्याला आत यायला वाटच ठेवली नव्हती आपण."

"आई, अख्खं गाव खाली आहे."

"मला माहीत आहे रे. थोडाच वेळ."

पाणी तिच्या पायाखालच्या गोणीवर आलं. धाकट्याला तिला उचलून आणता आलं असतं, तिचं वजन ते केवढं! तो एक पाऊल पुढे झालाही. ढेकळं हातोहात येत होती, त्याच्या मागे साठत होती. त्याला पुढेही जाववेना आणि दाबायला वाकवेना.

"थांबा रे," मुकादम म्हणाला.

आवाज मोठा नव्हता, पण ओळीच्या शेवटापर्यंत गेला. हात थांबले. ज्याच्या हातात ढेकूळ होतं त्याने ते छातीशी धरलं. ट्रॅक्टरवाल्याने इंजिन बंद केलं. बाईंनी घड्याळाकडे बघितलं आणि तो हात मागे नेऊन दुसऱ्या हाताने धरून ठेवला.

आईने हाक मारली. जेवायची वेळ झाली की पोराला मारतात तशी, लांबवत. "थोरल्याऽऽ!"

चिखलावरून पाणी पुढे सरकत होतं, त्याचा बारीक आवाज होता. एक पक्षी उडाला. तिने पुन्हा हाक मारली आणि मान कलती करून ऐकत राहिली. सगळं गाव ऐकत राहिलं. धाकट्याला स्वतःची लाज वाटली, कारण तो खरोखरच कान देऊन ऐकत होता आणि काही ऐकू आलं तर काय करायचं ह्या विचाराने त्याच्या अंगावर काटा आला होता. पाणी गोणीवरून चढून आईच्या घोट्यांना लागलं आणि एक बारीक धार खड्ड्यात उतरली.

आई वळली. तिचा चेहरा शांत होता. सुनेने वरून हात दिला, तो धरून ती बंधाऱ्यावर चढली आणि नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

"काय गं?" मुकादमाने विचारलं.

"नाही येत," ती म्हणाली. "लावून घ्या म्हणतोय."

मुकादमाने शेजारच्या माणसाच्या छातीशी धरलेलं ढेकूळ घेतलं, खाली वाकून धाकट्याच्या हातात दिलं, आणि धाकट्याने ते ठेवून पायाने दाबलं.